कुंभारमाशीचं लिंपण

चिखल लिंपताना कुंभारमाशी गुणगुणते. तो आवाज उडतानाच्या आवाजाहून वेगळा असतो: बारीक, ताणलेला, मधेच तुटणारा. जबड्यातल्या गोळीला ती अंगाची थरथर देते, त्याने चिखल सैल होतो आणि पातळ पसरतो. ठाकुर्लीच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यात हे काम चाललं होतं. काळं अंग, लांब बारीक कंबर, पिवळे-काळे पाय. आपल्याकडच्या या जातीचं शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. 1781 साली फॅब्रिशियसने तिची नोंद केली.

माती ती आमच्याच तुळशीच्या कुंडीतून नेत होती. पाणी घातलं की कडेला उतरायची, डोकं खाली, पोट वर, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळून परत. गोळीमागून गोळी लावत सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी तयार झाली. मग फेऱ्या बदलल्या. आता पायांत कोळी होते, बाल्कनीतल्या जास्वंदीवर दिसतात तसले लहान, मऊ पोटाचे. डंखाने ते लुळे पडलेले असतात, बहुतेक जिवंत. मेलेला कोळी लवकर सडतो, लुळा टिकतो. नळी कोळ्यांनी भरायची, त्यांतल्या एकावर एकच अंडं घालायचं, तोंड बुजवायचं आणि शेजारी दुसरी नळी सुरू करायची. सगळ्या भरल्या की वरून मातीचा जाड थर. मग ती निघून जाते. अंड्यातली अळी कोळी खाऊन वाढते आणि आतच कोश विणते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी आणि ही माशी एकाच अध्यायात, नवव्यात, येतात. एकनाथांनी शके 1495 मध्ये पुरी केलेल्या टीकेमुळे ही जोडी मराठी घरांत पोचली. कोंडलेला किडा माशीच्या ध्यासाने माशीच होतो, असा तो दृष्टांत. मला त्यात खरं निरीक्षण दिसतं: कुणीतरी आत गेलेला किडा पाहिला, बंद झालेलं दार पाहिलं आणि बाहेर पडलेली माशीही पाहिली. एवढा वेळ भिंतीपाशी थांबणारा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या नजरेतून सुटलं ते एक इवलं अंडं.

आपण मात्र गांधीलमाशी समजून झाडू उचलतो. गांधीलमाश्या वसाहत करून राहतात आणि पोळ्याला धक्का लागला की तुटून पडतात. कुंभारमाशी एकटी असते, घरट्याची राखण करत बसत नाही. चिमटीत धरली तर डंख करेल, एरवी सहसा नाही. तिचं स्वतःचं खाणं फुलांतला मध. कोळी फक्त पिल्लांसाठी.

दिवाळीच्या साफसफाईत घरटं सापडलं तर आधी भोकं बघा. गोल भोकं पडली असतील तर पिल्लं उडून गेलीत, खुशाल खरवडा. आत तपकिरी, कागदी कोश आणि कोळ्यांचे सुटे पाय मिळतील. भोकं नसतील तर तो कोपरा तसाच ठेवा, भिंत नंतरही पुसता येते.