विचारायला हवं, वेळ आहे तोवर

वडिलांचा आजार आता बरा होण्यातला नाही, असं डॉक्टर सांगतात, तेव्हा घरात पहिला निर्णय होतो तो हा, की 'त्यांना काही कळू द्यायचं नाही.' हेतू मायेचाच असतो. पण मग रिपोर्ट लपवले जातात, कुजबुज सुरू होते आणि ज्यांचा आजार, त्यांनाच वगळून सारं ठरू लागतं. खरं तर बहुतेकांना अंदाज आलेला असतो. म्हणून सांगण्यापेक्षा विचारण्यापासून सुरुवात करावी. 'बाबा, आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? कशाची काळजी वाटते? घरीच राहायला आवडेल का?' उत्तरं एका बैठकीत मिळणार नाहीत. घाई करू नये.

'आता करण्यासारखं काही उरलं नाही,' हे वाक्य अर्धंच खरं आहे. आजार हटत नसला तरी वेदना, धाप, उलट्या यांवर इलाज करता येतो. यालाच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा म्हणतात. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी हे काम करत आहे. तीव्र वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या देतात. व्यसन लागेल म्हणून आपण घाबरतो. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेदनेसाठी घेतल्यास ती भीती फारशी नसते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, त्याचं औषध सोबतच मागून घ्यावं.

दुसरा प्रश्न व्हेंटिलेटरचा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी इच्छापत्राला, म्हणजे 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने स्वखुशीने ते लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावं. आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यांची नावंही त्यात घालावीत. मन बदललं तर ते लेखी रद्द करता येतं. नुसत्या कागदावर उपचार थांबत नाहीत. रुग्ण निर्णय घेऊ शकत नसेल आणि सुधारण्याची आशा नसेल, तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मत देतात.

पैशाचे कागदही याच काळात पाहावेत. नॉमिनी हा साधारणपणे मालक नसतो, विश्वस्त असतो. वाटणी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने होते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नये. देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं किंवा मृत्यू झाला, की ते साधारणपणे संपतं. औषधपाण्यासाठी खातं दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असं करून घ्यावं.

आणि जी सून किंवा लेक रात्र-रात्र जागते, तिचं काय? पाळ्या वहीत लिहून ठरवाव्यात. परगावच्या भावाने नुसता फोन न करता आठवडाभर येऊन राहावं.

शेवटच्या दिवसांत भावंडांत वाद होतात ते बहुधा आई-वडिलांना काय हवं होतं, हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे. वेळीच विचारलं असेल, तर तो निर्णय त्यांचा असतो. मुलांना तो फक्त पाळायचा असतो, आणि नंतर वर्षानुवर्षं 'आपण चुकलो तर नाही ना?' हा सल बाळगावा लागत नाही.