विमानशोधाच्या तळावरचे धर्मगुरू

सिव्हिल एअर पेट्रोल ही अमेरिकी हवाई दलाची नागरी सहायक संघटना. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या सहा दिवस आधी, १ डिसेंबर १९४१ रोजी तिची स्थापना झाली आणि १९४८च्या कायद्याने ती हवाई दलाशी कायमची जोडली गेली. अमेरिकेत एखादे लहान विमान बेपत्ता झाले की सेस्ना विमाने घेऊन शोधाला निघणारे वैमानिक बहुतेक वेळा याच संघटनेचे असतात. त्यांच्या बातम्या येतात. तळावर थांबलेल्या चॅप्लेनची, म्हणजे धर्मगुरूची, बातमी होत नाही.

धर्मगुरूंचे हे दल १९५०च्या सुमारास उभे राहिले. हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू चार्ल्स कार्पेंटर यांनी त्याची धुरा रॉबर्ट प्रेस्टन टेलर यांच्याकडे सोपवली. याहून योग्य माणूस मिळणे कठीण होते. टेलर १९४२मध्ये फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडले, युद्धकैद्यांवर लादलेल्या बतानच्या जीवघेण्या पायपिटीतून वाचले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. छावणीतल्या आजाऱ्यांपर्यंत चोरून औषधे पोहोचवल्याबद्दल त्यांना भर उन्हात कोंडून ठेवण्यात आले. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ बसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १९६२मध्ये ते खुद्द हवाई दलाचे प्रमुख धर्मगुरू झाले.

भारतीय लष्करातले धर्मगुरू पगारी असतात, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) दर्जाचे. सिव्हिल एअर पेट्रोलचे चॅप्लेन मात्र विनावेतन काम करतात. अटींत फारशी सवलत नाही: धर्मशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण हवे आणि आपल्या धर्मसंस्थेची रीतसर शिफारसही हवी.

त्यांचे खरे काम मोहिमेच्या तळावर दिसते. नकाशे, रेडिओ आणि हवामानाचे अंदाज यांत अधिकारी गुंतलेले असतात. बाजूच्या खोलीत बेपत्ता वैमानिकाचे कुटुंब बसलेले असते आणि दर अर्ध्या तासाने तोच प्रश्न विचारते. शोध कुठवर आला हे खोटा धीर न देता सांगणे, आणि सांगण्यासारखे काही नसेल तेव्हाही उठून न जाणे, ही चॅप्लेनची जबाबदारी. अवशेष सापडले की ते पाहून आलेल्या स्वयंसेवकांकडेही लक्ष द्यावे लागते. जमिनीवरून शोध घेणाऱ्या तुकड्यांत किशोरवयीन कॅडेटही असतात, ही बाब विसरता येत नाही.

चॅप्लेनला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वरिष्ठांपर्यंत जात नाही. गणवेशातल्या संघटनेत, जिथे प्रत्येक शब्द वर कळवला जाईल अशी धास्ती असते, तिथे ही मुभा फार मोलाची आहे.

एरवी चॅप्लेन कॅडेटांचे चारित्र्यविकासाचे वर्ग घेतात. हे वर्ग म्हणजे प्रवचन नव्हे आणि धर्मप्रसाराला तिथे मज्जाव आहे. मित्राने न केलेल्या तपासणीवर सही ठोकली तर काय करायचे, असा प्रसंग समोर ठेवला जातो आणि मुलेच वाद घालतात. चॅप्लेन कमी पडतात तिथे प्रशिक्षित शिक्षक हे वर्ग घेतात, आणि ते चांगले घेऊ शकतात. गोपनीयतेची हमी मात्र त्यांना देता येत नाही.

म्हणून वर्गासाठी पर्यायी शिक्षक चालेल, तळावर चॅप्लेनच हवा.