एअर रायफलचा व्हॉल्व्ह बदलला, छिद्र मोठं केलं की ताकद वाढते का?

एअर रायफलमध्ये दारू नसते, काडतूस नसतं, धूरही निघत नाही. दाबलेली हवा शिशाच्या छोट्याशा छऱ्याला ढकलते, एवढंच. त्यामुळे अनेकांना ती खेळण्यातली बंदूक वाटते. तिचा व्हॉल्व्ह बदलून किंवा हवेचं छिद्र मोठं करून 'पॉवर' वाढवण्याचे व्हिडीओही आवडीने पाहिले जातात. पण हे गणित खरंच इतकं सोपं आहे का? आणि ताकद वाढलीच, तर कायदा काय म्हणतो?

हवा छऱ्याला कशी ढकलते?

एअर रायफलचे दोन प्रकार जास्त दिसतात. पहिला स्प्रिंगचा. नळी किंवा दांडा ओढला की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि समोरची हवा एका बारीक छिद्रातून छऱ्यामागे शिरते. या छिद्राला 'ट्रान्सफर पोर्ट' म्हणतात.

दुसरा प्रकार 'पीसीपी', म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली रायफल. हिच्या टाकीत साधारण २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या हा ८० ते ९० पट झाला. चाप ओढल्यावर आतला हातोडा व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेचा एक घोट पोर्टमधून छऱ्यामागे जातो.

ताकद मोजतात कशी?

नळीतून बाहेर पडताना छऱ्यात किती ऊर्जा आहे, ते ज्यूलमध्ये मोजतात. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे ८ ज्यूल होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ती दुप्पट व्हायला वेग दुप्पट लागत नाही, सुमारे १.४ पट पुरतो. म्हणजेच वेगात थोडी वाढ झाली तरी ऊर्जा बरीच वाढते.

मग छिद्र मोठं केलं तर?

स्प्रिंगच्या रायफलमध्ये बारीक छिद्राचं आणखी एक काम असतं. पिस्टन शेवटाला पोहोचताना समोर दाबली गेलेली हवा गादीसारखी त्याला अडवते. छिद्र प्रमाणाबाहेर मोठं झालं, तर हवा लवकर निसटते, दाब नीट तयार होत नाही आणि पिस्टन धातूवर आदळतो. ताकद वाढण्याऐवजी कमी होते. शिवाय सील फाटतं आणि स्प्रिंग तुटते.

पीसीपीमध्ये मोठा मार्ग आणि जास्त वेळ उघडा राहणारा व्हॉल्व्ह यांनी ताकद काही प्रमाणात वाढू शकते. पण छर्रा नळीत असतो तो काही सहस्रांश सेकंद. तो बाहेर पडल्यावर मागून येणारी हवा वायाच जाते. आवाज वाढतो, एका भरणीत मिळणारे बार कमी होतात आणि प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा पडू लागतो. वेग सारखा नसला की नेमही सारखा लागत नाही.

धोका नेमका कुठे?

टाकी, व्हॉल्व्ह आणि त्यांचे आटे ठरावीक दाबासाठीच बनवलेले असतात. त्यातला धातू कोरून काढला, तर तो भाग कमकुवत होतो. २०० बारखाली सुटलेला स्क्रू किंवा झाकण छऱ्यासारखंच उडतं, आणि त्या वेळी रायफल माणसाच्या गालाला टेकलेली असते. बदल न केलेल्या रायफलचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो.

कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. त्यानुसार ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ४.५ मिलीमीटरपेक्षा (०.१७७ इंच) जास्त असेल, तर एअर रायफलला परवाना लागतो. म्हणजे दुकानातून विनापरवाना घेतलेली रायफल घरी केलेल्या बदलांमुळे परवान्याच्या कक्षेत जाऊ शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्षी-प्राण्यांची शिकार गुन्हा आहे, मग ती छऱ्याने केलेली का असेना.

इतर देशांतही अशा मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये एअर रायफलसाठी ही रेषा सुमारे १६ ज्यूलवर आहे. त्यापुढे ती बंदूक म्हणून परवान्याखाली येते. जर्मनीत विनापरवाना रायफलची मर्यादा फक्त ७.५ ज्यूल आहे.

पदकं मिळवणाऱ्या रायफलींत किती ताकद असते?

२००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं. ते भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण होतं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात विश्वविजेता झाला. या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर असतो. तरीही स्पर्धेच्या रायफलींची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते. त्यांच्या व्हॉल्व्हवर घेतलेली सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी असते : प्रत्येक वेळी हवेचा घोट तेवढाच सुटावा.

त्यामुळे रायफल पूर्वीपेक्षा 'ढिली' वाटत असेल, तर बहुतेकदा झिजलेलं सील, थकलेली स्प्रिंग किंवा हवेची गळती हे कारण असतं. जाणकार दुरुस्तीवाल्याकडून मूळ मापाचा सुटा भाग बसवून घेतला की रायफल पूर्ववत होते. त्यासाठी छिद्र मोठं करण्याची गरज नसते.