शंका घेण्याचे धैर्य

हेरगिरी म्हटली की वेषांतर, गुप्त लिपी आणि अंधारातील भेटीगाठी यांचेच चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे पुष्कळसे काम प्रत्यक्षात टेबलाशी बसून चालते. परकी भाषांचे ज्ञान, नकाशे व हवाई छायाचित्रे वाचण्याची दृष्टी, विखुरलेल्या नोंदींची संगती लावणारी बुद्धी आणि नेमके लिहिण्याची सवय हे गुण तेथे हवेतच. परंतु तेवढ्याने भागत नाही, हे इस्रायलला १९७३ साली कळून चुकले.

लांब पल्ल्याची बाँबफेकी विमाने व क्षेपणास्त्रे हाती आल्यावाचून इजिप्त युद्ध पुकारणार नाही आणि इजिप्तवाचून सीरिया एकटा उठणार नाही, असे त्या देशाच्या गुप्तवार्ता विभागाने गृहीत धरले होते. त्यामुळे सुवेझ कालव्यापलीकडे जमणारे सैन्य सरावासाठीच आले आहे, असे ठरविण्यात आले. दक्षिण विभागातील बेंजामिन सिमान-तोव्ह या तरुण लेफ्टनंटने मात्र १ व ३ ऑक्टोबरला टिपणे लिहून, हा सराव म्हणजे युद्धाच्या तयारीवरील पांघरूण असू शकेल, असे बजावले. वरिष्ठांनी ती टिपणे पुढे पाठविलीच नाहीत. ६ ऑक्टोबरला दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. त्या युद्धात इस्रायलचे २,५०० हून अधिक सैनिक कामी आले.

१९७४ मध्ये आग्रानात आयोगाने गुप्तवार्ताप्रमुख एली झैरा यांना दूर करण्याची शिफारस केली. पुढे विभागाच्या मताविरुद्ध युक्तिवाद करणे हेच ज्याचे काम, असा एक स्वतंत्र गटही तेथे स्थापन झाला. असे असूनही ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यापूर्वी कनिष्ठांनी दिलेले इशारे पुन्हा दुर्लक्षिले गेले.

आपल्यालाही हा अनुभव परका नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या दुर्गम टापूत मोठी घुसखोरी संभवत नाही, असा समज होता; घुसखोरांची पहिली वर्दी दिली ती स्थानिक मेंढपाळांनी.

तेव्हा या कामासाठी माणसे निवडताना भाषा व स्मरणशक्ती यांबरोबर आणखी दोन गोष्टी पारखावयास हव्यात: पुराव्यानिशी वरिष्ठांशी मतभेद नोंदविण्याचे कनिष्ठाचे धैर्य आणि तो ऐकून घेण्याची वरिष्ठाची तयारी. होयबांची फौज कोणत्याही कचेरीस घातकच. गुप्तवार्ता विभागात मात्र तिची किंमत सीमेवरील जवानांना प्राण देऊन चुकवावी लागते.