खुल्या खतावणीचे राखणदार

पतपेढीची पत तिच्या तिजोरीच्या जाडीवर अवलंबून नसते. तिची कीर्द कोण लिहितो आणि ती कोण तपासतो, यावर ती अवलंबून असते. सहकाराच्या भूमीत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. ब्लॉकचेन नामक व्यवस्थेविषयी गेली काही वर्षे जी चर्चा चालते, तीत मात्र या साध्या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. एकच खतावणी हजारो संगणकांवर ठेवलेली असते आणि तिच्या प्रत्येक पानावर मागील पानाची गणिती मोहोर उमटलेली असते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलणे जवळजवळ अशक्य होते. यावरून 'येथे कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. खतावणीचे नियम ज्या आज्ञावलीत असतात, ती माणसेच लिहितात, माणसेच तपासतात आणि माणसेच दुरुस्त करतात. ही माणसे कोण, ती एकत्र कशी येतात आणि त्यांच्या चुलीवर काय शिजते, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागातील जातीच्या दाखल्यांची नोंद सार्वजनिक ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हाच तो आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपला.

या क्षेत्रातील आद्य प्रकल्प म्हणजे बिटकॉइन. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्याची कल्पना मांडणारा नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. आज्ञावली मुक्तस्रोत होती, म्हणजे ती कोणीही वाचावी, तपासावी आणि सुधारून वापरावी अशी मुभा होती. त्याच महिन्यात हॅल फिनी या अनुभवी आज्ञावलीकाराने ती चालवून पाहिली. पहिली दहा नाणी त्यालाच मिळाली. जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन माणसे नेमली गेली नाहीत. कुतूहल हीच पात्रता होती. पुढे २०११ पर्यंत मूळ कर्ता कायमचा निघून गेला आणि धुरा गॅव्हिन अँड्रेसन याच्याकडे आली. संस्थापक नाहीसा झाला, तरी आज्ञावली उघडी असल्यामुळे काम थांबले नाही.

परंतु आज्ञावली उघडी असणे म्हणजे ती तपासली जाणे नव्हे. ग्रंथालयाचे दार उघडे असले म्हणून प्रत्येक ग्रंथ वाचला जातोच असे नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी एका दोषामुळे या खतावणीत १८,४०० कोटींहून अधिक नाणी हवेतून निर्माण झाली. नियमानुसार एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाऊच शकत नाहीत! काही तासांत दुरुस्ती झाली, कारण जागे असलेले मोजके लोक होते. त्याहून बोधप्रद प्रसंग २०१८ चा आहे. तेच नाणे दोनदा खर्ची घालता येईल असा एक दोष सुमारे दीड वर्ष आज्ञावलीत दडून होता आणि नामांकित तपासनीसांच्या नजरेतून निसटला होता. तो ज्याने शोधला, तो प्रतिस्पर्धी नाण्याच्या गोटातील आज्ञावलीकार होता. त्याने गाजावाजा न करता संबंधितांना कळविले आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. विरोधकालाही आपली वही वाचू देण्याचे मोल त्या दिवशी कळले.

तेव्हा असा चमू उभारताना लिहिणाऱ्यांची भरती आधी आणि तपासणाऱ्यांची मागाहून, हा सर्रास दिसणारा क्रम उलटा आहे. नवी सोय लिहिणाऱ्याचे नाव होते. रात्र जागून ती चूक नाही ना हे पाहणारा अनाम राहतो. या अनाम कामाला मान आणि मोबदला देणारा प्रकल्पच टिकतो. इथेरियमच्या धुरीणांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. एकाच नियमावलीच्या निरनिराळ्या आज्ञावल्या स्वतंत्र गटांनी, वेगवेगळ्या संगणक-भाषांत लिहाव्यात असे धोरण त्यांनी आरंभापासून ठेवले. हे खर्चिक आणि भांडणाला निमंत्रण देणारे वाटते. पण २०१६ च्या शरदात हल्लेखोरांनी मुख्य आज्ञावली चालविणारे संगणक बंद पाडले, तेव्हा दुसऱ्या गटाच्या आज्ञावलीवर चालणारे संगणक तग धरून राहिले आणि व्यवहार चालू राहिले.

आता पैशाचा प्रश्न. सेवाभाव ही मोठी गोष्ट खरी. पण सेवाभावाने घरभाडे भागत नाही. बिटकॉइनच्या कार्यकर्त्यांना वेतन देण्यासाठी २०१२ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले. २०१५ पर्यंत त्याची तिजोरी रिकामी झाली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एका उपक्रमाने तीन प्रमुख आज्ञावलीकारांचा भार उचलला. एकाच दात्यावर विसंबण्यातला धोका यातून उघड होतो. दाता बुडाला तर चमू उपाशी राहतो आणि दाता प्रबळ झाला तर चमू त्याचा ओशाळा होतो. अनेक दात्यांकडून थोडे थोडे घ्यावे, घेतलेले जाहीर करावे, आणि दात्याला नियमांवर मत असावे पण अधिकार नसावा, हीच यातली मर्यादा.

यावर असा आक्षेप येईल की, विनावेतन राबणारेच खरे निःस्पृह. वेतन आले की स्वार्थ आला. हा आक्षेप ऐकावयास उदात्त वाटतो, परंतु अनुभव वेगळे सांगतो. ब्लॉकचेनच्या बाहेरचे, पण याच कुळातले एक उदाहरण पाहा. असंख्य संगणकांत वापरली जाणारी 'एक्सझेड' ही लहानशी आज्ञावली एक थकलेला स्वयंसेवक जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. मदतनीस म्हणून पुढे आलेल्या एका अनोळखी नावाने सुमारे दोन वर्षे चोख काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग त्या आज्ञावलीत चोरदरवाजा ठेवला. मार्च २०२४ मध्ये तो उघडकीस आला तो योगायोगाने. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेशास अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले आणि त्याने शोध घेतला. येथे उणीव निष्ठेची नव्हती. उणीव होती ती सोबतीची. एकाकी माणूस कितीही निःस्पृह असला तरी थकतो, आणि थकलेल्या पहारेकऱ्याला किल्ली मागणारा प्रत्येक जण मित्रच वाटतो.

म्हणून अखेरचा प्रश्न किल्लीचा आणि वारसाचा. अध्यक्ष म्हणजेच संस्था अशी अवस्था झालेल्या संस्थांचे पुढे काय होते, ते आपण गावोगावी पाहिले आहे. बिटकॉइनच्या मुख्य आज्ञावलीचा भार २०१४ पासून वाहणाऱ्या व्लादिमिर व्हॅन डर लान याने २०२१ मध्ये स्वतःच सांगितले की, इतके काम एका माणसाभोवती एकवटणे योग्य नाही, आणि तो हळूहळू बाजूला झाला. खुर्ची सोडण्याची ही रीत चमूच्या घटनेतच पहिल्या दिवशी लिहून ठेवावयास हवी.

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांना यात काय करता येईल? नाण्यांच्या भावाची चर्चा करणारे पुष्कळ आहेत. आज्ञावली वाचणारे थोडे. मुक्तस्रोत प्रकल्पाचे दार सांगलीच्या विद्यार्थ्यालाही तितकेच उघडे असते जितके झुरिकच्या अभियंत्याला. आरंभ लहान कामाने होतो: एखादी चाचणी लिहावी, मार्गदर्शक टिपणातली चूक सुधारावी, दुसऱ्याचे काम चालवून पाहून काय आढळले ते नोंदवावे. शिक्षकांनी हे काम प्रकल्प म्हणून मान्य केले, तर गुणपत्रिकेच्या पलीकडचे शिक्षण घडेल. आणि शासन जेव्हा नागरिकांचे दाखले अशा खतावणीत नोंदवू पाहते, तेव्हा ती खतावणी राखणाऱ्यांची चौकशी करणे आणि त्यांच्या पोषणाचा वाटा उचलणे, हेही त्याचे कर्तव्य ठरते. एटापल्लीच्या विद्यार्थ्याला दाखल्याची गरज ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी ही खतावणी शाबूत असली पाहिजे. आणि ती शाबूत राहावी म्हणून कोणीतरी आज ती तपासत बसलेले असले पाहिजे.