डॅशबोर्डखालच्या सोळा पिना

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या जरा वर हात घातला की एक चपटं, कडा तिरक्या असलेलं सॉकेट बोटांना लागतं. आठ-आठच्या दोन ओळी, एकूण सोळा पिनांची जागा. बऱ्याच गाडीमालकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं. पण ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की मेकॅनिक बोनेट उघडण्याआधी वाकतो, तो याच सॉकेटसाठी. सोळावी पिन म्हणजे बॅटरीचा प्लस. चौथी आणि पाचवी अर्थच्या. सहावी आणि चौदावी, आजच्या गाड्यांत, कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या तारांच्या. गाडी कुठल्याही कंपनीची असो, या जागा बदलत नाहीत. या सॉकेटचं नाव ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडाची स्वतः नोंद ठेवण्याची सोय. गल्लीतलं गॅरेज आजच्या संगणकी गाड्यांच्या काळात टिकून आहे, त्यात या सॉकेटचा वाटा फार मोठा आहे.

त्याचा जन्म झाला लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून. गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून हे धुरकं तयार होतं, हे आरी हागेन-स्मित या शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांवर सक्ती केली, की प्रदूषण वाढवणारा बिघाड गाडीने स्वतः ओळखून दिवा लावावा. पण तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि कोडही वेगळे. काही गाड्यांत तर दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड ओळखावा लागे. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एकच सॉकेट आणि एकच कोडपद्धत आली, हेच ओबीडी-२. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१पासून लागू झाली, आणि आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण-निकषांच्या काळात, २०१३पासून, ओबीडी-२ सक्तीचं झालं. नियम केला होता हवेसाठी, पण त्यातून जगभरच्या मेकॅनिकांना एक सामायिक साधन मिळालं.

कोड वाचणं अवघड नाही. ‘पी०३०२’ घ्या. ‘पी’ म्हणजे बिघाड इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूचा. त्यानंतरचं शून्य सांगतं, की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे एक असता तर कंपनीचा खास कोड. तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, आणि शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. गाडी मिसिंग करतेय, आणि ती दुसऱ्या सिलिंडरमध्ये. कॉम्प्युटरला हे कळतं क्रँकशाफ्टच्या वेगावरून: सिलिंडर पेटला नाही की क्रँक त्या क्षणी किंचित मंदावतो.

इथवर यंत्राचं काम. मिसिंगचं कारण मात्र कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही असू शकतं. इथून पुढे उपयोगी पडतो तो असंख्य मेकॅनिकांनी एकमेकांना दिलेला अनुभव. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, तिथली युक्ती आता बहुतेक सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसायचा, गाडी चालवायची. आता ‘पी०३०३’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ‘पी०३०२’च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक पाना आणि थोडा वेळ एवढाच खर्च, आणि एकही पार्ट अंदाजाने बदलावा लागत नाही.

‘पी०१७१’ हा आणखी एक नेहमीचा कोड: मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तो पाहून कुणी थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतं, आणि पैसे वाया जातात. जाणता मेकॅनिक स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ उघडतो. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. शून्याच्या आसपास असला तर ठीक. आयडलला तो +२० आणि रेस देऊन २,५०० आरपीएमला +४ दिसला, तर इनटेकच्या बाजूने कुठूनतरी हवा आत खेचली जातेय. आयडलला इंजिन हवाच कमी घेतं, म्हणून फटीतून येणारी हवा तेव्हा जास्त जाणवते. उलट वेग वाढताना आकडाही चढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय, किंवा हवेचा सेन्सर मळलाय. हवा खेचत असेल तर इनटेकमध्ये धूर सोडायचा. चिरलेल्या रबरी नळीतून तो बाहेर येतो आणि जागा डोळ्यांना दिसते.

प्रत्येक तक्रारीला कोड असतोच असं नाही. सकाळी सेल्फ घेत नाही, ही त्यांतली एक. तिथे साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसायला हवं. चालू गाडीत आकडा बाराच्या घरातच राहिला, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजून डायनॅमोच म्हणतात, त्याचा पट्टा आणि वायरिंग तपासायचं. त्याहीआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घासून काढायची.

हे ज्ञान वाटून घेण्याची परंपरा ओबीडीपेक्षा जुनी आहे. आपल्याकडे ती उस्ताद आणि हाताखालच्या पोऱ्याच्या नात्यातून चालत आली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठला बेअरिंग आवाज करतोय ते ओळखायचं, हे पोरं बघून बघून शिकली. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटचं मॅन्युअल काढलं. गाडी पूर्ण खोलून, पुन्हा जोडून, टप्प्याटप्प्याचे फोटो द्यायचे, ही त्या मालिकेची ओळख झाली. बोस्टनमध्ये टॉम आणि रे मॅग्लिओझी हे भाऊ १९७७पासून रेडिओवर लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी ऐकू लागले. श्रोते फोनवर तोंडाने गाडीचा आवाज काढून दाखवत.

म्हणूनच या ज्ञानाला कुलूप घालण्याचे प्रयत्न मला गंभीर वाटतात. त्यांना विरोधही झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण प्रश्न नोंदीवर आला, हे महत्त्वाचं. सॉकेट सगळ्यांना सारखं असलं तरी कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे आणि चाचण्यांची क्रमवारी बंद दाराआड राहिली, तर तालुक्याच्या गावातला मेकॅनिक अर्ध्या वाटेवर अडतो. मग गाडीमालकाला शहरातलं सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, किंवा अंदाजाने बदललेल्या पार्टचे पैसे मोजावे लागतात.

या साखळीत गाडीमालकाचंही काम आहे. दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर तपासून घ्या. तो लुकलुकत असेल तर रेस कमी करून बाजूला थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो जाळतं. कोड पुसण्याआधी लिहून घ्या, आणि त्याबरोबर साठलेला ‘फ्रीज फ्रेम’ही, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान आणि लोड किती होता ते. जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे एवढ्यावर भुलू नका. कोड नुकतेच पुसले असतील तर स्कॅनरवर ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडीने स्वतःच्या घेतलेल्या, चाचण्या अपूर्ण दिसतात.

आणि बिल हातात घेताना विचारा: कुठला कोड आला, कोणती चाचणी केली, त्यात काय निघालं? ते बिलावर लिहून घ्या. दवाखान्याच्या केसपेपरसारखा तो कागद पुढच्या मेकॅनिकला वाट दाखवेल. ज्याने खरोखर तपासणी केली आहे, तो हे आनंदाने लिहून देतो. असं लिहून देणारी गॅरेजं वाढली, तर दुरुस्तीचं शहाणपण एखाद्या उस्तादाबरोबर संपणार नाही, आणि एखाद्या कंपनीच्या कुलपातही अडकणार नाही.