मुलांच्या हाती कोणते वाचन-ॲप द्यावे?

लहान मुलाला वाचनाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न पूर्वी पुस्तकाच्या दुकानात सुटत असे. आता तो मोबाइलच्या पडद्यावर येऊन ठेपला आहे. ‘मुलांना वाचायला शिकवणारी’ म्हणून पुष्कळ ॲप विनामूल्य मिळतात. घरी नवा गडी ठेवताना दहा ठिकाणी चौकशी करणारे आपण लोक हे ॲप मात्र बोटाच्या एका स्पर्शासरशी घरात घेतो. ते मुलाजवळ एकांतात बसते, त्याच्याशी बोलते, क्वचित त्याचा आवाजही ऐकते. तेव्हा त्याची पारख कशी करावी, याचा थोडा क्रमवार विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम वयाचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या बाळांसाठी पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास, आणि त्याहून कमी तितके बरे. अर्थात अगदी तान्ह्या मुलासाठी ॲप निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला मांडी, गोष्ट आणि पुठ्ठ्याचे चित्रपुस्तक पुरेसे आहे.

दुसरा विचार सुरक्षिततेचा. विनामूल्य वस्तूचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. ॲपच्या बाबतीत तो बहुधा तीन वाटांनी वसूल होतो: जाहिराती, मुलाविषयीची माहिती आणि ॲपच्या आत मांडलेली खरेदी. ही भीती काल्पनिक नव्हे. मुलांनी आईबापांच्या संमतीवाचून केलेल्या अशा खरेदीपायी ॲपल कंपनीने 2014 साली अमेरिकेत निदान 3 कोटी 25 लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. तेथेच ‘एबीसीमाऊस’ हे नावाजलेले शिक्षण-ॲप चालवणाऱ्या कंपनीने 2020 साली 1 कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. वर्गणी बंद करणे ग्राहकांना अवघड करून ठेवले, असा तिच्यावर एक आरोप होता. म्हणजे नाव मोठे म्हणून निर्धास्त राहावे, असे नाही.

आपल्याकडे 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. कायदा हवाच, परंतु दाराला कडी आपणच घालावयाची असते.

ती कशी घालावी? ॲप कोणकोणत्या परवानग्या मागते ते पाहावे. गोष्टी वाचून दाखवणाऱ्या ॲपला आपल्या ओळखीच्यांचे दूरध्वनी क्रमांक किंवा आपला ठावठिकाणा कशाला हवा? मूल मोठ्याने वाचते ते तपासणारे ॲप असेल तर त्याला आवाज ऐकू द्यावा लागेल. मात्र तो आवाज फोनमध्येच राहतो की बाहेर जातो, हे त्याच्या माहितीपत्रकात वाचावे. खरेदीला संकेतशब्दाचे कुलूप लावावे. गोष्टी एकदा उतरवून घेऊन मग इंटरनेट बंद करून ॲप चालते का, हेही पाहावे. तसे चालणारे ॲप घेतल्यास जाहिरातींचा उपद्रव पुष्कळ टळतो.

तिसरा आणि मुख्य विचार उपयुक्ततेचा. सुरक्षित ते सर्व उपयुक्त असते असे नव्हे. ॲपचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. काही ग्रंथालयासारखी असतात. ‘प्रथम बुक्स’ने 2015 साली सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ त्या जातीचे. त्यावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. काही शिकवणीच्या मास्तरांसारखी असतात. गूगलने 2019 साली काढलेले ‘बोलो’ हे या जातीचे. मूल मोठ्याने वाची, ते ऐकून ॲप अडलेला शब्द सांगे. पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीतही आले.

कोणताही वर्ग असो, कसोटी एकच: मुलाचे लक्ष अक्षरावर राहते की अक्षरापासून उडते? चित्राला बोट लावताच हत्ती नाचू लागला, फुगे फुटले, नाणी पडली, की मूल हत्तीकडे पाहणार. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली 37 पालक-बालकांच्या जोड्यांचे वाचन पाहिले. इलेक्ट्रॉनिक पुस्तकापेक्षा छापील पुस्तक हाती असता पालक व मूल एकमेकांशी अधिक बोलले, असे त्यांस आढळले. वाचनाचा निम्मा लाभ या बोलण्यातच आहे, असे आम्हांस वाटते.

चूक झाली असता ॲप काय करते, हेही पाहावे. माँटेसोरीबाईंच्या साधनांत मुलाची चूक त्या साधनातूनच मुलाच्या ध्यानी येते. चूक झाली की कर्कश आवाज काढणारे, किंवा मूल वाटेल तेथे बोटे मारीत असताही ‘शाबास’ म्हणणारे ॲप काहीच शिकवीत नाही.

मराठी पालकांनी एक जादा दक्षता घ्यावी. पुष्कळ ॲपवर ‘मराठी’ अशी पाटी असते. आत मात्र हिंदीचे उच्चार निघतात. ‘चहा’तला च निराळा आणि ‘चूल’मधला निराळा, ‘जीव’ आणि ‘जाड’ यांचेही तसेच. ‘बाळ’, ‘फळा’ यांतला ळ स्वच्छ ऐकू येतो का? ‘वाऱ्यावर’ हा शब्द नीट लिहिला आहे का? दहा शब्द स्वतः ऐकावेत. पाच मिनिटांत उलगडा होतो.

यावर कोणी म्हणेल, मुलाजवळ बसायला सवड असती तर ॲप हवेच कशाला? आक्षेप खरा आहे. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरात, किंवा आईबापांनाच अक्षर ओळखीचे नाही अशा घरात, चांगले ॲप मोलाची मदत करील. म्हणूनच ते निवडण्याची हयगय अशा घरांना अधिक महाग पडते. तेथे शाळेने आणि वाचनालयाने चार विश्वासाची नावे पालकांना सांगितली, तर ती मोठी सेवा होईल. आणि ॲपने काय वाचून दाखवले, हे रात्री जेवताना मुलाला विचारण्यास अक्षरओळखही लागत नाही. मुलाने गोष्ट सांगावी आणि घराने ती ऐकावी, एवढे झाले तर त्या पडद्याचा उपयोग झाला, असे आम्ही म्हणू.